कर्ज, वर्ण आणि कायदा

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांच्या माहितीची आहे. पुण्यात बसून सातासमुद्रांपलीकडच्या एका मुक्तिसंग्रामाचे मोल त्यांनी ओळखले. या व्याख्यानात आम्ही त्या मुक्तीच्या पुढची हकीकत सांगणार आहोत, आणि तीही एका रुक्ष वाटणाऱ्या बाजूने. गुलाम मुक्त झाला, ठीक. पण मुक्त झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी नांगर घ्यायला पैसा कोणी दिला? बियाणे उधार कोणी दिले? चार पैसे साठल्यावर घर बांधायला कर्ज कोणी दिले? माणूस कायद्याने स्वतंत्र झाला की नाही हे सनदेत पाहता येते. पण त्याची बाजारात पत आहे की नाही, हे पाहायचे तर धनकोची वहीच उघडावी लागते. अमेरिकेत ही वही उघडण्याचा अधिकार कायद्याला मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. ती कशी लागली, एवढाच आमचा विषय आहे.

आरंभ तर फार आशादायक होता. १८६५ च्या मार्च महिन्यात अध्यक्ष लिंकन यांनी मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी एका बचत बँकेच्या सनदेवर सही केली. 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक' हे तिचे नाव. पाहता पाहता सतरा राज्यांत तिच्या ३७ शाखा झाल्या. सैनिकांनी आपला पगार, मोलकरणींनी आपले मेहनताने, चर्चमंडळ्यांनी आपल्या वर्गण्या तीत ठेवल्या. पाच सेंटांपासून ठेव स्वीकारली जाई. मूळ सनदेप्रमाणे या ठेवी सरकारी रोख्यांतच गुंतवायच्या होत्या, म्हणजे पैसा सुरक्षित राहायचा. मात्र १८७० मध्ये सनद बदलण्यात आली आणि गहाणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली. वॉशिंग्टन येथील कारभार हेन्री कुक यांच्या हाती होता. ते जे कुक या बड्या पेढीवाल्याचे सख्खे भाऊ. काळ्या मजुरांच्या ठेवी आता जमिनीच्या सट्ट्यात, रेल्वेच्या रोख्यांत आणि बड्या गोऱ्या कंत्राटदारांच्या कर्जांत जाऊ लागल्या. १८७३ साली जे कुकची पेढी बुडाली आणि सगळ्या देशात हाहाकार उडाला. बँकेवरचा विश्वास टिकावा म्हणून १८७४ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षपदी बसवण्यात आले. डग्लस हे स्वतः एके काळचे गुलाम, काळ्या लोकांचे सर्वमान्य पुढारी. त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर बँकेला दिले. पण आतून पोखरलेले घर एका खांबाने सावरत नाही. २९ जून १८७४ रोजी बँकेची दारे बंद झाली. सुमारे ६१ हजार खातेदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. पुढे हप्त्याहप्त्याने काही अंश परत मिळाला. पुष्कळांच्या हाती काहीच आले नाही.

या बँकेच्या बुडण्याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकतात. आम्हांला मात्र तीत पुढच्या सगळ्या कथेचे बीज दिसते. ठेव काळ्यांची आणि कर्ज गोऱ्यांना, हा तो प्रकार. शंभर वर्षांनी शिकागोच्या एका मोहल्ल्यातील बायका नेमकी हीच तक्रार घेऊन उभ्या राहणार होत्या.

दक्षिणेकडील खेड्यांत तर बँक हा शब्दच दूरचा. तेथे कूळ आणि दुकानदार यांचा व्यवहार चाले. पेरणीच्या वेळी दुकानदार मीठ, पीठ, कापड, खत उधारीने देई आणि त्या बदल्यात उभ्या पिकावर आपला बोजा चढवून ठेवी. दुकानात प्रत्येक वस्तूचे भाव दोन असत: एक रोखीचा, एक उधारीचा. त्या दोहोंतील फरक हेच व्याज. ते वेगळे लिहिलेले नसे, त्यामुळे ते किती हे ऋणकोला कळतही नसे. कापूस निघाला की हिशेब होई आणि बहुधा देणेच बाकी निघे. गरीब गोरा कूळही या चरकात सापडला होता हे सांगितले पाहिजे. पण काळ्या कुळाला हिशेब मागण्याचीही सोय नव्हती.

हे वाचताना आपल्याकडील सुप्याची आठवण कोणाला होणार नाही? ही केवळ सादृश्याची गोष्टही नव्हे. अमेरिकेत यादवी सुरू झाली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचा भाव अफाट चढला. १८६५ साली लढाई संपताच तो कोसळला. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज दख्खनच्या शेतकऱ्याच्या अंगावर राहिले, आणि १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतील सुपे गावी सावकारांची खतपत्रे जळाली. दंग्याच्या कारणांत इतरही कारणे होती, तरी हा धागा खराच आहे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. खत दाखवले की हुकूमनामा, ही जुनी रीत मोडून खताच्या पाठीमागचा सगळा हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला. त्या कायद्याचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. पण धनकोची वही न्यायालयात उघडता येते ही कल्पना आपल्याकडे तेव्हाच कायद्यात आली होती.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत कायदाच नव्हता काय? होता, आणि तो चांगला कडक होता. १८६६ च्या एप्रिलमध्ये, अध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार धुडकावून, काँग्रेसने नागरी हक्कांचा कायदा केला. करार करणे, मालमत्ता विकत घेणे, धारण करणे, विकणे या बाबतींत प्रत्येक नागरिकाला गोऱ्या नागरिकाइतकाच हक्क राहील असे त्याने सांगितले. कर्ज हा करारच आहे. म्हणजे शब्दांपुरते पाहिले तर सगळे काही १८६६ सालीच देऊन झाले होते! परंतु हा कायदा सरकारांपुरताच आहे, खाजगी व्यक्तींना तो लागू नाही, असे न्यायालयांनी मानले आणि तो पुस्तकात निजून राहिला. १९६८ च्या जून महिन्यात जोन्स विरुद्ध मेयर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागे केले. निद्रा एकशे दोन वर्षांची झाली. कुंभकर्णाची सहा महिन्यांची होती.

येथपर्यंत भेदभाव करणारा खाजगी धनको आणि स्वस्थ बसलेले सरकार असे चित्र होते. १९३० नंतर ते बदलले. सरकारने स्वतःच हातात रंगाचा कुंचला घेतला.

महामंदीत लाखो लोकांच्या घरांवर जप्ती येऊ लागली तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ साली 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' हे महामंडळ काढले. थकलेली गहाणे विकत घेऊन ती लांब मुदतीच्या हप्त्यांत बांधून द्यावयाची, हे त्याचे काम. तीन वर्षांत त्याने सुमारे दहा लाख कर्जे दिली. याच महामंडळाने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले. प्रत्येक मोहल्ल्याला चार रंगांपैकी एक रंग: हिरवा म्हणजे उत्तम, निळा म्हणजे बरा, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेला आणि तांबडा म्हणजे धोक्याचा. काळ्या लोकांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे तांबड्या रंगात गेल्या. ज्यू, इटालियन, मेक्सिकन यांच्या वस्त्यांचीही नोंद 'घुसखोरी' झाल्यासारखी केलेली आढळते. यावरूनच इंग्रजीत 'रेडलायनिंग' हा शब्द रूढ झाला. त्याला आम्ही 'लाल रेघ' म्हणू.

या नकाशांविषयी अलीकडे एक मतभेद निर्माण झाला आहे. हे नकाशे फारशा बँकांनी पाहिलेच नव्हते, आणि ते निघण्यापूर्वी महामंडळाने काळ्यांच्या वस्त्यांतही कर्जे दिली होती, असे काही अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. हे म्हणणे आम्हांला पटते. खरी लाल रेघ त्या सुंदर रंगीत नकाशांवर नव्हती. ती दुसऱ्या एका कचेरीच्या नियमावलीत होती.

ती कचेरी म्हणजे १९३४ साली स्थापन झालेले 'फेडरल हौसिंग ॲडमिनिस्ट्रेशन'. तिचे काम नीट समजावून घेतले पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. ही कचेरी स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या गृहकर्जाचा ती विमा उतरवी. ऋणकोने पैसे बुडवले तर बँकेला भरपाई मिळे. एका अर्थी सरकारच जामीन राही. पूर्वी घराच्या किमतीची निम्मी रक्कम रोख भरून उरलेली पाचसात वर्षांत फेडावी लागे. आता किमतीच्या ऐंशी टक्के कर्ज आणि वीस वर्षांचे हप्ते अशी सोय झाली. भाडेकरू कारागीर, कारकून, कामगार घरमालक होऊ लागला. विसाव्या शतकात अमेरिकेतील मध्यमवर्ग जो उभा राहिला तो पुष्कळ अंशी या एका योजनेच्या जोरावर. आणि या योजनेच्या नियमावलीत मोहल्ल्याचे मूल्य टिकावयाचे तर तेथे एकाच वर्णाची व एकाच थराची वस्ती राहिली पाहिजे असे तत्त्व घातलेले होते. घर काळ्या माणसाला विकणार नाही असे कलम खरेदीखतात घालून घ्यावे, अशी शिफारसही तीत होती. धनकोच्या मनातला पूर्वग्रह सरकारी विमापत्राची अट होऊन बसला.

डेट्रॉइट शहराच्या उत्तर कडेला काळ्या लोकांची एक जुनी वस्ती होती. तिच्या शेजारी १९४१ साली एका बांधकामवाल्याने गोऱ्यांसाठी घरे बांधण्याचे ठरवले. विमा मिळेना, वस्ती अगदी लगतची. तेव्हा त्याने दोहोंमध्ये एक भिंत बांधली: सहा फूट उंच, एक फूट रुंद, सुमारे अर्धा मैल लांब. भिंत उभी राहिली आणि विमा मंजूर झाला. ती भिंत कोणालाही अडवू शकत नव्हती, कारण ती दोन्ही टोकांना संपत होती आणि वळसा घालून पलीकडे जाता येत होते. पण ती माणसांना अडवण्यासाठी नव्हतीच, ती कागदावर दाखवण्यासाठी होती. ती पुढेही उभीच राहिली. २००६ साली तिच्यावर रहिवाशांनी चित्रे रंगवली.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली कर्जहमीचा मोठा कायदा झाला. त्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. सैनिक तो सैनिक. मात्र कर्ज देणारी बँक गावातलीच असे. मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांची पाहणी १९४७ साली झाली, तेव्हा हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळालेली कर्जे दोन निघाली. दोन टक्के नव्हे, दोन.

कर्ज न मिळणाऱ्याने घर घ्यावयाचेच ठरवले तर काय करावे? शिकागोच्या पश्चिम भागात त्याला जे करावे लागले त्याला 'कंत्राटी खरेदी' म्हणत. दलाल गोऱ्या कुटुंबाला 'काळे येत आहेत' अशी भीती घालून घर स्वस्तात घेई आणि तेच घर काळ्या कुटुंबाला दीडपट-दुप्पट किमतीला हप्त्याने विके. दुरुस्ती, कर, विमा घेणाऱ्याच्या माथी. मालकी मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याची. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले सगळे पैसे गेले, आणि तेच घर दुसऱ्याला विकायला दलाल मोकळा. घर घेणाऱ्याच्या अंगी भाडेकरूची असहायता आणि मालकाचा खर्च असे दोन्ही आले. माणसे दोन दोन नोकऱ्या करून हे हप्ते भरत होती. हे लोक बुडवे असते तर दलालांचा धंदा चाललाच नसता, एवढे एक सत्य बँकांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. १९६८ च्या आरंभी लॉनडेल भागातील अशा खरेदीदारांनी आपली संघटना बांधली, हप्ते रोखले, आणि शेकडो कंत्राटे नव्याने ठरवून घेतली. न्यायालयात मात्र ते हरले.

कायद्याची चाल या सगळ्या काळात कशी होती पाहा. खरेदीखतातील वर्णाचे कलम न्यायालये अंमलात आणणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात दिला. विमा कचेरीने तो मानला, पण दीड वर्षाने. आणि १५ फेब्रुवारी १९५० नंतर नोंदलेल्या खतांपुरताच. म्हणजे घाई करून त्या तारखेच्या आत नोंदणी करून घेण्यास सवड ठेवली! १९६२ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडी यांनी सरकारी मदतीच्या घरांत भेदभाव करण्यास हुकमाने बंदी केली, तीही मुख्यतः पुढच्या घरांपुरती.

१९६८ साली निवासहक्कांचा कायदा काँग्रेसपुढे अडून होता. सिनेटने तो मार्चमध्ये मंजूर केला. खालच्या सभागृहात त्याचे काय होईल याची खात्री नव्हती. ४ एप्रिल रोजी मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शहरे पेटली. १० तारखेला खालच्या सभागृहाने कायदा मंजूर केला आणि ११ तारखेला अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. घरासाठी कर्ज देताना वर्ण, धर्म वा मूळ देश पाहणे या कायद्याने बेकायदा ठरले. मात्र मंजुरीसाठी केलेल्या तडजोडीत त्याचे दात काढून घेतले गेले होते. तक्रार आली तर सरकारी खात्याने दोन्ही पक्षांना बोलावून समेट घडवून आणावा, एवढीच त्याची शक्ती. समेट होत नसेल तर तक्रारदाराने स्वतः वकील करून न्यायालयात जावे. हे दात १९८८ च्या दुरुस्तीने बसवण्यात आले.

पण दातांपेक्षाही मोठी अडचण वेगळीच होती. 'तू काळा आहेस म्हणून कर्ज देत नाही' असे १९६८ नंतर कोणता बँकवाला म्हणेल? तो म्हणे, घर जुने आहे. त्या भागात आम्ही कर्जे देत नाही. कागदपत्रे अपुरी आहेत. साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या. मनातला हेतू पकडण्याचे यंत्र कोणत्याही कायदेमंडळापाशी नसते. न्यायालयात उभा राहणारा ऋणको एकटा असतो, आणि त्याच्यासारख्या इतरांना कर्ज मिळाले की नाही हे त्याला माहीतच नसते. आमच्या मते या इतिहासातील खरी कलाटणी १९७४ ते १९७७ या तीन वर्षांतली आहे. कायद्याने हेतूचा पाठलाग सोडून दप्तराकडे मोर्चा वळवला.

याची सुरुवात वर्णाच्या प्रश्नावरून झालीच नाही, ती स्त्रियांच्या प्रश्नावरून झाली, ही एक मौजेची गोष्ट आहे. त्या काळी कमावत्या पत्नीचा पगार कर्जाच्या वेळी निम्माच धरत किंवा मुळीच धरत नसत. ती मूल होऊन घरी बसेल हे गृहीत. काही ठिकाणी तर मूल होणार नाही असे डॉक्टरचे पत्र आणायला सांगत! पतीच्या मागे राहिलेल्या विधवेची पत त्याच्याबरोबरच संपे. लुइझियानाच्या लिंडी बॉग्ज या तेव्हा खालच्या सभागृहाच्या समितीत नव्या होत्या, त्याही विधवाच. कर्जातील भेदभावाच्या मसुद्यात स्त्रीपुरुषभेद व वैवाहिक स्थिती हे शब्द त्यांनी आपल्या हाताने लिहिले, त्याच्या प्रती काढून वाटल्या आणि हे शब्द केवळ नजरचुकीने राहून गेले असावेत असे समितीला गोड आवाजात सांगितले, अशी हकीकत त्यांच्याच तोंडची प्रसिद्ध आहे. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये समान कर्जसंधीचा कायदा झाला, तेव्हा त्यात हे दोनच भेद निषिद्ध होते. वर्ण, धर्म, मूळ देश, वय आणि सरकारी मदतीवर असणे हे शब्द १९७६ च्या मार्चमधील दुरुस्तीने आले. तोवर घराच्या कर्जाला वर्णभेदाची बंदी होती. दुकानाच्या, ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी अशी स्वतंत्र बंदी नव्हती.

याच दुरुस्तीत एक कलम आले. त्याची भाषा अगदी कारकुनी आहे, आणि आमच्या समजुतीने सगळ्या कायद्यात तेच सर्वांत वजनदार आहे. अर्ज आल्यावर तीस दिवसांत निर्णय कळवला पाहिजे. आणि नकार दिला असेल तर त्याची नेमकी कारणे अर्जदाराला सांगितली पाहिजेत, वा ती लेखी मागून घेण्याचा हक्क त्याला आहे हे कळवले पाहिजे. 'आमच्या निकषांत बसत नाही' एवढे म्हणून भागत नाही. उत्पन्न अपुरे असेल तर तसे लिहा, जुनी थकबाकी असेल तर तसे लिहा. कारण एकदा लिहिले की ते तपासता येते. तेवढेच उत्पन्न असलेल्या दुसऱ्या कोणाला कर्ज दिले आहे काय, हे विचारता येते.

पण ते विचारणार कोण, आणि कोणत्या आकड्यांवरून? येथे शिकागोच्या गेल सिन्कॉटा या बाईंचे नाव घेतले पाहिजे. ऑस्टिन भागात राहणाऱ्या या गृहिणी, सहा मुलांच्या आई. बड्या पदव्या काही नाहीत. मोहल्ल्याची शाळा का बिघडते, घरे का पडतात, दुकाने का उठतात, याचा शोध घेत त्या बँकेच्या दारापाशी आल्या. लोकांच्या ठेवी बँक घेते आणि त्याच लोकांना घरदुरुस्तीला कर्ज देत नाही, हे त्यांना दिसले. काळे, गोरे, लॅटिन असे सगळे शेजारी त्यांनी एकत्र केले. त्यांची मागणी साधी होती: कोणत्या भागात किती कर्ज दिले ते बँकेने जाहीर करावे. विस्कॉन्सिनचे सिनेटर प्रॉक्समायर यांनी ती उचलून धरली. ३१ डिसेंबर १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी गृहकर्ज जाहिरातीच्या कायद्यावर सही केली. त्याने बँकेला कोणालाही कर्ज देण्याची सक्ती केली नाही. केवळ आकडे मांडायला लावले. दोन वर्षांनी, १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये, स्थानिक पुनर्गुंतवणुकीचा कायदा आला. ज्या भागातून ठेवी घेता त्या भागाच्या, विशेषतः तेथील कमी उत्पन्नाच्या लोकांच्या, कर्जाच्या गरजा भागवता की नाही, हे सरकारी तपासनीस पाहतील, आणि नवी शाखा मागताना वा दुसरी बँक ताब्यात घेताना त्याचा विचार होईल, असे त्याने सांगितले. या कायद्यात वर्ण हा शब्दच नाही.

येथे एक विसंगती उभी राहिली. समान कर्जसंधीच्या नियमांप्रमाणे धनकोने अर्जदाराचा वर्ण विचारायचा नाही, कारण विचारले की पाहिले जाईल. पण न विचारावे तर भेद होतो की नाही हे मोजायचे कसे? गृहकर्जाच्या बाबतीत याचे उत्तर उलट दिले गेले: तेथे वर्ण विचारून नोंदलाच पाहिजे, आणि १९८९ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक अर्जाचा वर्ण, उत्पन्न आणि निकाल अशी माहिती जाहीर होऊ लागली. म्हणजे एकाच बँकेत एका टेबलावर हा प्रश्न विचारणे बंधनकारक आणि शेजारच्या टेबलावर तोच विचारणे निषिद्ध! हे हास्यास्पद वाटले तरी दोन्हींमागे विचार आहे, आणि अनुभवाने कोणत्या टेबलावर अधिक उजेड पडला हे स्पष्ट झाले आहे.

तो उजेड कसा पडला, ते अटलांटा शहरात दिसले. तेथील दैनिकाने १९८८ च्या मे महिन्यात जाहीर आकड्यांचा अभ्यास करून एक लेखमाला छापली. बिल डेडमन हे तिचे लेखक. सारख्या उत्पन्नाच्या मोहल्ल्यांची तुलना केली तर गोऱ्या मोहल्ल्यांना काळ्यांच्या पाचपट कर्जे मिळतात, असे तीत दाखवले होते. काही दिवसांतच शहरातील बड्या बँकांनी स्वस्त कर्जांसाठी कोट्यवधी डॉलर बाजूला काढले. लेखमालेला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. सरकारचे न्यायखातेही जागे झाले आणि १९९२ साली तेथील डिकेटर फेडरल या संस्थेवर त्याने दावा आणला. आपले कार्यक्षेत्र आखताना तिने काळ्या वस्तीचा मोठा भाग वगळला, असाही एक आरोप होता. आरोप मान्य न करता संस्थेने ४८ काळ्या अर्जदारांसाठी दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. कायदा होऊन चोवीस वर्षे लोटल्यावर सरकारने या स्वरूपाचा हा पहिला मोठा दावा केला.

त्याच वर्षी बॉस्टनच्या मध्यवर्ती बँकेच्या संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. पत, कर्जाचा बोजा, नोकरी हे सगळे हिशेबात घेतल्यावरही नकारांतील तफावत कमी झाली, पण नाहीशी झाली नाही, असे तिने सांगितले. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्या पाहणीतील एक निरीक्षण मात्र कोणत्याही अर्बन बँकेत बसलेल्या माणसाला ताबडतोब पटेल. ज्याचे कागद निष्कलंक आहेत त्याला, वर्ण कोणताही असो, कर्ज मिळते. परंतु बहुतेकांच्या कागदांत काही ना काही उणीव असतेच. एखादा हप्ता उशिरा गेलेला, एखादी नोकरी मध्येच सुटलेली. अशा वेळी गोऱ्या अर्जदाराला सांभाळून घेतले जाई, 'याचे कारण काय ते लिहून आणा, पाहू' असे सांगितले जाई. काळ्या अर्जदाराचा कागद तसाच बाजूला पडे. कोणी कोणाला शिवी दिली नाही, दार आपटले नाही. मदतीचा हात एकाला मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

२००० नंतर रोगाने रूप बदलले. पूर्वी कर्ज मिळत नसे. आता चढ्या व्याजाचे, अवघड अटींचे कर्ज दारात येऊन गळ्यात पडू लागले, आणि ज्यांची पत चांगल्या कर्जाला पुरेशी होती अशा काळ्या व लॅटिन कुटुंबांनाही दलालांनी महाग कर्जांकडे वळवले. २००८ चा गडगडाट झाल्यावर हिशेब निघाले. कंट्रीवाइड या कंपनीने २०११ च्या डिसेंबरमध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड केली. सारख्या पतीच्या गोऱ्यांपेक्षा दोन लाखांहून अधिक काळ्या आणि लॅटिन ऋणकोंकडून अधिक आकार घेतल्याचा आरोप होता. पुढच्या वर्षी वेल्स फार्गो बँकेने १७ कोटी ५० लाखांवर तडजोड केली. दोघींनीही आरोप नाकारले. १९७७ च्या कायद्याने गरिबांना कर्जे द्यायला लावली म्हणूनच हे संकट आले, असेही काहींनी म्हटले. पण ती महाग कर्जे देणाऱ्यांत त्या कायद्याखाली न येणाऱ्या कंपन्यांचाच भरणा होता आणि त्या कायद्याखालील कर्जांचा वाटा लहानसा होता.

हेतू सिद्ध न करता केवळ परिणामावरून भेदभाव ठरवता येतो काय, हा वाद अजून मिटलेला नाही. घरांपुरते 'येतो' असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले. २०२५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी खात्यांनी अशा दाव्यांचा पाठपुरावा कमी करावा असा हुकूम काढला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात समान कर्जसंधीच्या नियमांतून हे तत्त्व काढून टाकण्याचा प्रस्ताव ग्राहकवित्त कचेरीने मांडला. आणि ते दुसरे टेबल? लहान धंद्यांच्या कर्जांतही मालकाचा वर्ण नोंदून आकडे गोळा करावेत असे काँग्रेसने २०१० च्या कायद्यात सांगितले होते. त्याचे नियम व्हायला २०२३ साल उजाडले; मग खटले झाले, अंमलबजावणीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आणि २०२५ च्या नोव्हेंबरातच त्या नियमांचा आवाका कमी करण्याचा आणखी एक प्रस्ताव आला. गृहकर्जाची वही लोकांसमोर उघडी आहे. दुकानदाराच्या कर्जाची वही तेव्हाही उघडायचीच होती.